समता मॅडम एंगेज आहेत

दुसरबीडच्या धम्मशीलाबाईंना मुलगी पाहायला चार वाजता बोलावलं होतं. एसटी लवकर पोहोचली, म्हणून मुलाला घेऊन त्या थेट धाडच्या शाळेतच गेल्या. पोहे खाण्याआधी मुलगी शिकवते कशी, हे चोरून पाहावं, असा बेत. मुलगा अश्वजित कृषी सहायक होता. बोंडअळीला तो भीत नसे, आईला भीत असे.

व्हरांड्यात गोकुळ शिपाई भेटला.

"समता मॅडम कोठी हायत?"

"मॅडम एंगेज हायत."

"कधीपासून?"

"आजच. हेडसरनं सकाळी जमवलं."

धम्मशीलाबाईंनी तिथूनच मुलीच्या वडिलांना, पंजाबरावांना, फोन लावला. रागातही रीत सोडली नाही. "जय भीम. शाळेत आलो, तं शिपाई म्हनते पोरगी एंगेज हाय, अन् तुमी आमाले पोहे खायले बोलावता?"

पंजाबराव हातातल्या कोथिंबिरीसकट मोटारसायकलवर बसले. शाळेत येताच त्यांनी गोकुळची कॉलर धरली.

"कोनासंग बे?"

"सातवी ब संग."

"म्हंजे?"

"बेचाळीस पोट्टे हायत, काका! गणिताचे सर सुटीवर हायत, म्हून मॅडम त्याहीचा तास एंगेज करून राह्यल्या. कॉलर सोडा ना!"

शेवटचा तास संपल्याची घंटा झाली आणि गलका ऐकून समता बाहेर आली. झाला प्रकार कळल्यावर ती पोटभर हसली आणि मग, इंग्रजीची शिक्षिका असल्यामुळे, शिकवू लागली. "फोन एंगेज, तास एंगेज, लग्न ठरलं तरी एंगेज. शब्द मूळचा फ्रेंच. गहाण ठेवणं, हा त्याचा जुना अर्थ."

"मंग साखरपुड्यात काय गहाण ठेवतेत?" धम्मशीलाबाईंनी विचारलं.

"बहुतेक पोरीचं डोस्कं."

पंजाबरावांनी डोळे मिटले. स्थळ गेलं!

तेवढ्यात अश्वजित मोठ्यानं हसला. आईनं वळून पाहिलं, तसं त्याचं हसू अर्ध्यावरच थांबलं.

"तुमी काऊन गप्प?" समतानं त्याला विचारलं.

"आईसमोर बोलायचा नंबर माहा आजलोक लागला नाही."

"मंग चला, बाहीर चहा घेऊ. मले बी काही इचारायचं हाय. आई इथंच बसतीन."

दोघं फाटकाकडे निघाले. धम्मशीलाबाई पर्स उचलून त्यांच्यामागे निघाल्या.

"बसा ताई," पंजाबराव हळूच म्हणाले.

त्यांनी पंजाबरावांकडे पाहिलं, फाटकाकडे पाहिलं, आणि आयुष्यात पहिल्यांदाच दुसऱ्या कुणाच्या सांगण्यावरून खाली बसल्या.