अकरा वर्षांत एकही हार नाही

त्या संध्याकाळची चर्चा जिंकली असती तर दातांच्या डॉक्टरांच्या पदरात बरंच काही पडणार होतं. वॉर्डाची उमेदवारी, चौकात सगळे दात दिसतील असा मोठा हसरा फोटो, आणि 'तुम्हाला राजकारणातलं काय कळतंय?' असं उठताबसता विचारणाऱ्या मेहुण्याचं कायमचं बंद तोंड. हरलो तर काय जाईल, हा हिशेब त्यांनी मांडलाच नव्हता. गरजच वाटली नव्हती. अकरा वर्षांत राजकारणावरचा एकही वाद ते हरले नव्हते.

याचं श्रेय ते आपल्या अभ्यासाला देत. त्यांच्या हाताखालची सिस्टर ते खुर्चीला देई. खुर्ची मागे झोपवली, पेशंटच्या तोंडात कापसाचे चार बोळे, लाळ ओढणारी नळी आणि छोटा आरसा गेला, की डॉक्टर गावाच्या कारभारावर येत.

"आता तुम्हीच सांगा, जुनी मंडई पाडून तिथे पार्किंग केलं तर बिघडलं कुठे?" असं विचारून ते ड्रिल सुरू करत.

पेशंट सांगत नसे. त्याचे डोळे मोठे होत आणि बऱ्याचदा हात वर जाई.

"बघा, यांनाही पटलं!"

"डॉक्टर, दुखलं तर हात वर करा, असं आपणच सांगतो ना त्यांना?" सिस्टर नळी सावरत म्हणे.

"इंजेक्शन दिल्यावर दुखेल कशाला? मुद्दा पटला की माणसाचा हात आपोआप उठतो."

त्या दिवशी दुपारी खुर्चीत खुद्द वॉर्डप्रमुख होते. दाढ किडली होती. पंचवीस मिनिटांत डॉक्टरांनी पाणी, रस्ते आणि पार्किंग हे तिन्ही प्रश्न निकालात काढले, आणि साहेबांचा हात तीनदा वर गेला. चूळ भरल्यावर साहेब बधिर ओठांनी म्हणाले, "काय बोलता हो तुम्ही! समोरच्याला श्वास घेऊ देत नाही. आम्हाला असाच माणूस हवाय. संध्याकाळी वाचनालयात मंडईवर चर्चा आहे. समोर गणिताच्या बाई आहेत. त्यांना गप्प करा, तिकीट तुमचं."

गणिताच्या बाई म्हणजे तीस वर्षं शिकवून निवृत्त झालेल्या शिक्षिका. त्याही डॉक्टरांच्याच पेशंट. त्यांचं रूट कॅनॉल अर्धं झालं होतं.

"बाईंना तर मी गेल्याच आठवड्यात हरवलंय," साहेब गेल्यावर डॉक्टर म्हणाले.

"तेव्हा त्यांच्या तोंडात तुमची चार बोटं होती," सिस्टर म्हणाली. "आज नसणारेत."

डॉक्टरांनी तिकडे लक्ष दिलं नाही. बाहेरच्या खोलीत वर्तमानपत्रातलं एक कात्रण फ्रेम करून लावलेलं होतं. 'मंडईच्या जागी पार्किंग हवे, असे सत्तर टक्के नागरिकांचे मत' असं वाचकांच्या पत्रात छापून आलेलं. पुरावा म्हणून ते त्यांनी खिळ्यावरून काढलं आणि फ्रेमसकट काखेत मारलं.

वाचनालयाच्या सभागृहात निम्मे चेहरे ओळखीचे होते, म्हणजे दातांवरून. डॉक्टर दहा मिनिटं सुरेख बोलले. मग सवयीने थांबले, कारण एरवी इथे ड्रिल सुरू होई. तेवढ्यात बाई बोलू लागल्या.

"पार्किंग हवंच, डॉक्टर. मला पटतं तुमचं. मीही जागेसाठी चौकाला तीन तीन चकरा मारते."

डॉक्टर गडबडले. आजवर 'पटतं' हे त्यांना कुणी शब्दांत सांगितलं नव्हतं. यावर पुढे काय बोलायचं असतं, ते त्यांना ठाऊक नव्हतं.

"मग विरोध कशाला करताय?"

"विरोध नाही हो, एक शंका आहे. मंडई पाडायचीच का? मागचं पडकं गोदाम नाही का चालणार? नसेल चालत, तर का ते सांगा. पटलं तर तुमच्या बाजूला येऊन बसते मी."

डॉक्टरांनी उत्तर शोधलं. सापडलं ते हेच : "जरा... मोठा आ करा."

सभागृहात हशा पिकला. बाईंनी वर्ग शांत करावा तसा हात केला. "हसू नका. बोलू द्या त्यांना. सावकाश सांगा डॉक्टर, मला घाई नाही."

हसण्यापेक्षा हेच डॉक्टरांना जास्त लागलं. त्यांनी फ्रेम उचलून धरली. "सत्तर टक्के लोकांना हवंय! छापून आलंय हे!"

"मोजले कुणी?"

"छापलंय म्हणजे मोजलेच असणार की!"

तेवढ्यात तिसऱ्या रांगेतून चष्म्याचा दुकानदार उठला. "ते पत्र मी लिहिलंय."

डॉक्टरांचा चेहरा उजळला. "या, या! सांगा बाईंना, आकडा कुठून मिळाला!"

"तुमच्याकडून."

"माझ्याकडून?"

"माझी अक्कलदाढ काढताना तुम्हीच म्हणालात. कशावरून, असं विचारणार होतो. पण तोंडात पक्कड होती. म्हटलं, एवढा शिकलेला माणूस सांगतोय, तर खरंच असणार."

डॉक्टरांना तो दिवस आठवला. साठ म्हटलं तर फारच कमी वाटलं असतं आणि ऐंशी म्हटलं तर थाप वाटली असती, म्हणून ते सत्तर म्हणाले होते. मग तेच सत्तर छापून परत आले, तेव्हा त्यांनी ते मोठ्या विश्वासाने भिंतीवर टांगले.

"आकडा राहू द्या!" ते घाम पुसत म्हणाले. "ज्यांना माझं म्हणणं पटलंय, त्यांनी हात वर करा!"

त्या सभागृहात एरवी डॉक्टरांसमोर पटापट वर जाणारे पन्नास तरी हात होते. आज सगळे मांडीवर निवांत पडून होते. आज कुणाचं काही दुखत नव्हतं.

पहिल्या रांगेत मात्र एक हात वर गेला. वॉर्डप्रमुखांचा!

"पाहा!" डॉक्टर ओरडले. "साहेबांना पटलंय!"

"पटलंय कसलं!" दुसऱ्या हाताने गाल दाबत साहेब कळवळले. "दाढ! इंजेक्शन उतरलं हो!"

दुसऱ्या दिवशी बाई ठरल्या वेळेला आल्या. सिस्टरला वाटलं होतं, येणार नाहीत. डॉक्टर कधी नव्हे ते गप्प राहून काम करत होते. पाच मिनिटांनी बाईंचा हात वर गेला. डॉक्टरांनी ताबडतोब ड्रिल थांबवलं, कापूस काढला, खुर्ची सरळ केली आणि हात बांधून उभे राहिले.

"बोला बाई. आज मी मध्ये बोलणार नाही. काय मुद्दा आहे तुमचा?"

"मुद्दा कसला?" बाई म्हणाल्या. "दुखतंय."

डॉक्टरांनी हळूच सिस्टरकडे पाहिलं. ती नळी पुसत होती.

"म्हणजे... आजवरचे सगळे हात...?"

"सगळे," सिस्टर म्हणाली.

डॉक्टर खाली स्टुलावर बसले. मग उठून त्यांनी दुसरं इंजेक्शन भरलं. "ते गोदामाचं काय म्हणत होतात?" त्यांनी विचारलं, आणि बाईंच्या बधिर होत चाललेल्या जबड्याकडे पाहून स्वतःच म्हणाले, "आत्ता नको. भूल उतरली की सांगा. मी थांबतो."

शेवटी उमेदवारी साहेबांच्या भाच्याला मिळाली. मेहुण्याचं तोंड उघडंच राहिलं. डॉक्टरांचं नुकसान म्हणाल तर एक आकडा आणि एक फ्रेम. अकरा वर्षं ते जे वाद जिंकत आले, त्यांची बाकी सगळी किंमत पेशंट केव्हाच चुकती करून गेले होते, तोंड उघडं ठेवून.