तपासणी पूर्ण होईपर्यंत

"आधी मला ते जॅकेट द्या," होडीत बसल्या बसल्या सासूबाई म्हणाल्या. "मला पोहता येत नाही."

"तपासणी व्हायचीय, आई," धक्क्यावरून जावई म्हणाले. "न तपासलेलं लाइफ जॅकेट म्हणजे नुसती बंडी."

जावई कारखान्यात सुरक्षा अधिकारी. घरात माळ्यावरची पेटी काढायची तरी आधी कागदावर यादी व्हायची. आज तर सुट्टीच्या दिवशी तळ्यावर तासाभरासाठी होडी घेतलेली! सासूबाईंचे गुडघे दुखरे, म्हणून लेक-जावयांनी धरून त्यांना आधीच आत बसवलं होतं. आता त्यांना पुन्हा उठा म्हणायची कोणाची छाती नव्हती. तेव्हा त्यांना सोडून होडीतली एकेक वस्तू बाहेर आली. वल्ही, बादली, शिट्टी, तीन जॅकेटं. सगळं धक्क्यावर ओळीनं मांडलं गेलं. बायको यादी वाचत होती.

"बादली?"

"गळत नाही."

"अगं, तुम्ही फिरायला आलात की मोजदाद करायला?" सासूबाईंनी विचारलं.

"दोर," बायकोनं वाचलं. "या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहावा."

जावयांनी खुंट्याची गाठ सोडली, होडीच्या कडीची सोडली आणि दोर बोटांमधून वीतवीत सरकवत पाहिला. कुठंही झिजला नव्हता. समाधानानं त्यांनी मान वर केली, तर होडी वीस हात लांब.

"आई, कुठं चाललात?"

"मी चालले? मी?" सासूबाईंचा आवाज पाण्यावरून खणखणीत आला. "गाठ कोणी सोडली? म्हातारी जड झाली होती तर तोंडानं सांगायचं होतंत!"

"घाबरू नका! उभ्या राहू नका! मध्यभागी बसून राहा!"

"अर्धा तास दुसरं काय करतेय मी?"

"अहो, उपदेश नंतर. दोर फेका!" बायको ओरडली. जावयांनी नेम धरून, सगळी ताकद लावून दोर फेकला. सगळाच्या सगळा. एक टोक आपल्या हातात ठेवायचं, हे यादीत नव्हतं.

बायकोनं कपाळाला हात लावला आणि लागोपाठ दोन जॅकेटं भिरकावली. ती वाटेतच पडली आणि डौलात तरंगत भलतीकडे निघाली. म्हणजे जॅकेटं चांगली होती. जावयांनी शिट्टी वाजवली. पलीकडच्या काठावर जेवायला बसलेल्या होडीवाल्यानं हौसेनं हात हलवला.

शेवटी उरलेलं जॅकेट जावयांनी स्वतः चढवलं. पट्टा ओढला, पुन्हा ओढला.

"माझी आई चाललीय तिकडे, आणि तुम्ही नटताय कसले!"

एक वल्हं काखेत मारून ते पाण्यात उतरले. पोहणं त्यांना जेमतेम येत होतं. जॅकेटनं तेवढंही करू दिलं नाही. उताणे, पाय झाडत, आभाळाकडे बघत ते निघाले. वारा मागून होता म्हणून बरं. सासूबाईंनी होडीच्या मागच्या टोकाला सरकून आधी वल्हं आत ओढलं, मग मानगूट धरून जावयांना. ते फळीवर पडून धापा टाकू लागले.

"आई, तुम्ही ठीक आहात ना?"

सासूबाईंनी हात पुढे केला. "जॅकेट."

"अं?"

"उतरवा. अर्ध्या तासापूर्वी मागितलं होतं मी."

जावयांनी गुपचूप उतरवलं. सासूबाईंनी ते ओलंचिंब जॅकेट घालून पट्टे करकचून आवळले, पदर नीट केला आणि वल्हं त्यांच्या हाती दिलं.

"आणि मी, आई?" जावयांनी बारीक आवाजात विचारलं. "मी बिनजॅकेटचा?"

"तुमची तपासणी झाली, जावईबापू," सासूबाई म्हणाल्या. "तुम्ही तरंगता. वल्हवा आता."