पहिला वाडगा

चार नातेवाईक जमले की ही गोष्ट मलाच सांगायला लावतात. सगळ्यांना पाठ आहे, पण हसताना माझं तोंड समोर लागतं ना! म्हणून या वेळी लिहूनच काढतो. वाचा, आणि मला सुखाने जेवू द्या.

आमची लेक श्याओमान हार्बिनच्या लेइ चुन नावाच्या पोराला पहिल्यांदाच घरी आणणार होती. आमच्या वूशीतला रिवाज असा, की भावी जावयापुढे सासूने गोड पाण्यातल्या अंड्यांचा वाडगा ठेवला तर तो पसंत. नुसता चहा ठेवला, तर त्याने चहा प्यावा आणि स्टेशन गाठावं. एकुलती एक पोर इतक्या लांब उत्तरेला, बर्फात धाडायची माझी इच्छा नव्हती.

बायकोला बजावलं, "अंडी उकडायची नाहीत. आधी मी त्याला श्याओलोङ खायला घालणार. आतला रस न सांडता खाल्ले, तर पुढचं बघू."

"जावई बघतोयस की बोटीवर खलाशी?" पेइचन म्हणाली. "आणि गल्लीतल्या दुकानातून आण की, म्हाताऱ्या."

"का? माझ्या हातांना काय झालंय?"

(काही झालं नव्हतं. त्या हातांनी जन्मभर कालव्यावर सुकाणू धरलं होतं. श्याओलोङ, म्हणजे खिमा आणि रस भरलेला वाफेवरचा मोदक, मात्र एकही वळला नव्हता.)

आदल्या दिवशी डुकराची कातडी शिजवली, रस गाळून वाडग्यात भरला आणि गॅलरीत ठेवला. सकाळी तो छान थिजला होता. आता तो चिरून खिम्यात मिसळायचा, की वाफेवर पारीच्या पोटात त्याचं सूप होतं. सगळी करामत त्या वाडग्यात! त्यामुळे मला चैन पडेना. सारखा जाऊन बोटाने टोचून यायचो. शेवटी मांजर तोंड घालील म्हणून वाडगा आत आणला, जेवणाच्या टेबलावर ठेवला, आणि मी स्वयंपाकघरात पिठाशी झुंजायला गेलो (तिथून टेबल दिसत नाही).

इकडे पेइचनला आठवलं, उत्तरेकडच्या लोकांना घरात ऊब लागते. आम्ही कधी लावत नाही तो एसी तिने गरम हवेवर सोडला. झोत थेट टेबलावर.

पोरगा आला. मायलेकी त्याने आणलेले खोके घेऊन आतल्या खोलीत गेल्या. माझे हात पिठात. "बस, बस!" मी तिथूनच ओरडलो. मग बराच वेळ भुरके.

रस चिरायला सुरी घेऊन बाहेर आलो, तर वाडगा चाटूनपुसून लख्ख! पोरगा पिवळा पडून घाम पुसत होता.

"हे काय केलंस?"

सुरी बघून तो ताडकन उठला. "सगळं संपवलं, काका! श्याओमान म्हणाली होती, तुमच्याकडे पहिला वाडगा उरवायचा नसतो."

"अरे, पण त्यात अंडी कुठे होती?"

"मला वाटलं, इथे विरघळवतात."

"आणि गोड लागलं?"

"नाही, काका. पण पहिल्याच दिवशी नावं कशी ठेवू?"

पेइचन धावत आली. वाडगा बघितला, पोराचा चेहरा बघितला. "प्यायला ना? मग ठरलं!"

"तो माझा रस होता!"

"टेबलावर कुणी ठेवला? तूच. सासऱ्याच्या हातचा वाडगा म्हणजे दुप्पट पसंत."

श्याओमान हसता हसता रडायला लागली. मी सुरी घेऊन परत पिठाकडे वळलो.

नुसताच खिमा भरून श्याओलोङ उकडले. तरी परीक्षा ती परीक्षा. "चमच्यात घे, बारीक भोक पाड, रस ओढ," मी बजावलं. चौघांनी भोकं पाडली, ओढलं. हवा.

"वा काका, काय रस!" पोरगा म्हणाला.

"त्यालाच चव ठाऊक," पेइचन म्हणाली. "सगळा त्याच्याच पोटात आहे."

लग्न झालं. आता सणाला श्याओलोङ दुकानातूनच येतात. गेल्या नववर्षाला मी चिडून एक अख्खाच तोंडात कोंबला. जीभ पोळली आणि रस नव्या कोटावर उडाला. जावयाने अदबीने रुमाल पुढे केला. "बाबा, आधी बारीक भोक पाडायचं."

माझा वाडगाभर रस पिऊन वर मलाच शिकवतो! आणि माफी? ती अजून मागितलेली नाही त्या लेइ चुनने.