मुकी घ्यावी की बडबडी

वाद्यांच्या दुकानात शिरण्याआधी सुपडूभाऊ चपला काढायचे. देवळाबाहेर काढाव्यात तशा, नीट जोडून. मग आत जाऊन दुकानदाराला म्हणायचे, "चालू करा." यंत्रातून ठेका सुरू झाला की हे साठी ओलांडलेले गृहस्थ त्याच्यासमोर उभे राहून नाचायला लागायचे. नाच म्हणजे काय, तर हात कमरेवर, दोन पावलं पुढे, दोन मागे. थोड्या वेळानं पावलं हळू करायचे. मग आणखी हळू. आणि मान तिरकी करून यंत्राकडे असे बघत राहायचे, की मला वाटे आता ते लाजेखातर तरी हळू होईल. यंत्र आपलं त्याच गतीनं धडधडत राही. शेवटी सुपडूभाऊ थांबायचे, चपला पायात सरकवायचे आणि मला म्हणायचे, "चला गुरुजी. हाई बी देखत नही."

हीसुद्धा बघत नाही. हे वाक्य मी सुरतेतल्या एकूण एक दुकानात ऐकलं आहे. एका दुकानदारानं हात जोडून सांगितलं, "काका, आ मशीन छे, माणस नथी." सुपडूभाऊंनी त्यावर मान डोलावली. त्यांचीही नेमकी तीच तक्रार होती.

गुरुजी म्हणजे मी. सुरतेतच, उधन्याला, एका मराठी शाळेत शिकवतो. दोन वर्षांपूर्वी सुपडूभाऊंच्या शेजारची खोली घेतली आणि पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला धरलं, कारण यंत्रांसोबत येणारी पुस्तकं इंग्रजीत असतात. माझ्या इंग्रजीबद्दल त्यांचा मोठा गैरसमज होता. तो मी दूर केला नाही, हे माझं चुकलंच.

माणूस मूळचा खानदेशातला. आधीची दोन भावंडं जगली नाहीत म्हणून आईनं याला जन्मल्याबरोबर सुपात घातलं, म्हणून नाव सुपडू. उधन्याच्या मिलमध्ये जन्म गेला. सुट्टीच्या दिवशी ढोलकी. लग्न असो, बारसं असो, कानबाई देवीचा उत्सव असो, आमच्या गल्लीत ढोलकी म्हटली की सुपडूभाऊ. मग मिलच्या रोलरमध्ये उजव्या हाताची तीन बोटं गेली आणि ढोलकी खुंटीला लागली. हे मी यायच्या आधीच्या वर्षीचं. तेव्हापासून ठेका वाजवणारं यंत्र घ्यायचं, हा एकच ध्यास.

दुकानात अशा यंत्रांच्या दोन जाती निघाल्या. एक सॅम्पलर. त्यात स्वतःचं काही नसतं. तुम्ही आवाज ऐकवायचा, ते तो धरून ठेवणार आणि वरच्या रबरी चौकोनांवर बोट मारलं की परत देणार. दुसरं ग्रूव्ह मशीन. त्यात ढोल, ताशे, झांजा सगळं आधीच भरलेलं. बटण दाबायचा अवकाश, ठेका सुरू. सुपडूभाऊंनी एकीचं नाव ठेवलं मुकी आणि दुसरीचं बडबडी. त्या दिवसापासून उठता बसता एकच प्रश्न, "मुकी लेवू का बडबडी?"

हा प्रश्न त्यांनी कोणाला विचारला नाही ते सांगा. भाजीवालीला विचारला. मी रक्तदाब तपासायला गेलो तर सोबत येऊन डॉक्टरांना विचारला. समोरच्या आजोबांच्या बाराव्याला पंगतीत बसल्या बसल्या भटजींना विचारला. भटजींनी जिलबी खाली ठेवून सांगितलं, सोमवारपर्यंत काही घेऊ नका. त्यानंतर प्रत्येक वेळी यंत्र पसंत पडायची वेळ आली की सुपडूभाऊ म्हणायचे, "सोमवार जाऊ द्या." कुठला सोमवार, ते भटजींनी सांगितलेलं नव्हतं.

रोज संध्याकाळी मोबाइलवर व्हिडिओ. परदेशातली तरुण पोरं मुकीच्या चौकोनांवर दोन बोटांनी पाऊस पाडत असत. मी म्हणायचो, "बघा, किती सफाई आहे!" सुपडूभाऊ नाक मुरडायचे. "डोया मिटीसन वाजाडस. काय कामना?" डोळे मिटून वाजवणारा काय कामाचा! वाजवणाऱ्याच्या डोळ्यांशी यांना काय करायचंय, हे मला कळत नव्हतं. खरं सांगायचं तर मी कधी विचारलंही नाही. मला माझे रविवार परत हवे होते.

शेवटी यंदाच्या आषाढात माझा तोल सुटला. भर दुकानात ओरडलो, "अहो, दोन्हीही यंत्रंच आहेत. बघत कुणीच नाही, बघणारही नाही. बडबडी घ्या आणि मोकळे व्हा!"

ते माझ्याकडे वळले. "तुम्ही सांगतस ना?"

"मी सांगतो."

घेतली. सोमवारचं नावही काढलं नाही.

श्रावण आला. आमच्या गल्लीत रविवारी कानबाई बसते आणि सोमवारी सकाळी तिला डोक्यावर घेऊन मिरवत गल्लीच्या टोकापर्यंत नेतात. तिथून टेम्पोनं तापीवर विसर्जनाला. मागची दोन वर्षं या मिरवणुकीला सुपडूभाऊ आपल्या बायकोला, कोकिळाबाईंना, घेऊन दार लावून आत बसायचे. मला तो माणूसघाणेपणा वाटायचा. यंदा ते सगळ्यांच्या आधी हातगाडी घेऊन आले. गाडीवर स्पीकर, स्पीकरजवळ बडबडी. डावा हात गती कमीजास्त करायच्या बटणावर.

कोकिळाबाई बोलत नाहीत. म्हणजे येत नाही असं नाही. एक पोर झालं, चार वर्षांचं होऊन गेलं, तेव्हापासून त्या बोलायच्या थांबल्या. भाकरी करतात, पाणी भरतात, विचारलं तर मान हलवतात. शेजारी राहून मी त्यांचा आवाज ऐकला नव्हता.

ठेका सुरू झाला आणि कोकिळाबाई उठल्या. हात कमरेवर, दोन पावलं पुढे, दोन मागे. दुकानादुकानांतून मी बघितलेला नाच हाच होता. बायका ओरडल्या, "कानबाई ऊनी!" देवी अंगात आली होती. कोकिळाबाईंचे केस सुटले, चेहरा फुलला आणि त्या हसल्या. मोठ्यानं हसल्या. हातगाडीकडे बघून म्हणाल्या, "सुपडू, जेवना का रे?" जेवलास का, एवढंच.

आमच्याकडच्या जुन्या बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत. देवी घेते. वर्षातून एका सकाळी सुपडूभाऊंना त्या तोंडून आपलं नाव ऐकायला मिळायचं. एरवी सगळा मुका संसार. तेही दोन वर्षं मिळालं नव्हतं. कारण बोटं गेली त्या वर्षी ढोलकीऐवजी डीजे आणला होता. डीजेचा ठेका काही हळू झाला नाही, आणि ठेका चालू आहे तोवर कोकिळाबाई थांबेनात. नाचता नाचता रस्त्यावर कोसळल्या, खुबा मोडला. हे सगळं माझ्या बाजूला उभ्या असलेल्या एका बाईनं मला तिथेच सांगितलं. ढोलकी होती तोवर सुपडूभाऊ त्यांच्या पावलांकडे बघत वाजवायचे. पावलं थकली की ठेका थोडा हळू, मग आणखी हळू, असं करत करत त्यांना परत आणायचे. एकदम बंद करून चालत नाही. बाई तिथेच राहून जाते, म्हणतात.

मी सुपडूभाऊंकडे बघितलं. त्यांचे डोळे बायकोच्या पावलांवर होते आणि डावा हात बटण फिरवत होता. ठेका उतरत गेला, कोकिळाबाईही उतरत गेल्या. आणि मग बटण फिरेना. बडबडीची सगळ्यांत हळू गती आली होती. त्याखाली ती जात नाही, हे पुस्तकात छापलेलं होतं. मी ते वाचलं होतं आणि त्यांना सांगितलं नव्हतं. कोकिळाबाई लंगडत होत्या, ओठ पांढरे पडले होते, पण पावलं थांबत नव्हती.

सुपडूभाऊंनी आवाज अगदी बारीक केला आणि उजव्या हाताचा, तीन बोटं गेलेला तळवा हातगाडीच्या फळीवर मारला. मग परत मारला. वेडावाकडा ठेका, एकेका ठोक्याला तोंडावर कळ उमटत होती. पण हा ठेका बघत होता. पावलं हळू झाली, थांबली. कोकिळाबाई गाडीच्या चाकाशी टेकून खाली बसल्या आणि हातानं पाण्याची खूण केली. तोंड परत मिटलेलं होतं. फळीवर रक्त लागलं होतं. मला स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती.

आठ दिवसांनी सुपडूभाऊ माझ्या दारात आले. मला वाटलं, आता मुकी बघायला न्यायचंय. मी मुकाट्यानं सदरा घातला. पण त्यांच्या काखेत खुंटीवरची ढोलकी होती. ती त्यांनी माझ्या मांडीवर ठेवली.

"डॉक्टर म्हनस, छातीनं काही खरं नही," ते म्हणाले. "मना मांगे तिले कोण आनी?"

माझ्यामागे तिला परत कोण आणणार. मी म्हणालो, "अहो, मला शाळेच्या प्रार्थनेत टाळ्यांचा तालसुद्धा धरता येत नाही!"

"माहीत शे. तुमना हात लाकूड शे." त्यांनी ढोलकी माझ्या मांडीवर सरळ केली. "पन त्या दिनले सगळी गल्ली देवीना तोंडकडे देखत व्हती. तुम्ही तिना पायकडे देखत व्हतात."

मुकीही नाही आणि बडबडीही नाही. एवढी दुकानं पालथी घालून या माणसानं शेवटी जे यंत्र पसंत केलं, ते सगळ्यांत भंगार आहे. मी हे त्यांना रोज सांगतो. त्यांना पटत नाही.

आता रविवारी सकाळी मी त्यांच्या ओट्यावर ढोलकी घेऊन बसतो. कोकिळाबाई आत उंबऱ्याशी तांदूळ निवडत असतात. सुपडूभाऊ माझ्यासमोर उभे राहतात, हात कमरेवर, दोन पावलं पुढे, दोन मागे. त्यांना दम लागतो, चेहरा काळवंडतो, पावलं हळू होतात, मान तिरकी होते. मला सगळं दिसतं आणि तरी माझा हात धडधडत पुढे निघून जातो. चपला दाराशीच असतात. पूर्वीसारखे ते त्या घालून निघून का जात नाहीत, असं मला वाटतं.

ते छातीवर हात ठेवून क्षणभर उभे राहतात. "परत," म्हणतात, आणि पहिल्या पावलावर जाऊन उभे राहतात.