गोदामाच्या तुटल्या लाइनीची बखर

प्रारंभी विजेस दंडवत, की जी नसता सर्व पराक्रम लटका. पुढे हकीकत ऐसी की, औषधांचे कंपनीची मुख्य कचेरी शहरात आणि गोदाम शहराबाहेर, आणि मध्ये एकच लाइन, दोहीं टोकांस एकेक राऊटर. कचेरीचे राऊटरावर नेटवर्कसाहेब खासे मुक्रर, आणि गोदामाचे राऊटरावर त्यांचेच कुटुंब, बाईसाहेब. हुद्दा समान, अक्कल बाईसाहेबांकडे किंचित जाजती, हे साहेबांखेरीज सर्वांस ठाऊक.

ते दिवशी प्रातःकाळीच घरात रण माजले. गिझर रात्रभर चालू राहिला, तो ठपका साहेबांनी सासूबाईंचे समक्ष बाईसाहेबांवर ठेविला. वास्तविक बटण साहेबांनीच दाबिले होते, आणि तोंडास साबण लाविताना त्यांस ते स्मरलेही, परंतु बोलला शब्द माघारी घेणे म्हणजे लढल्यावाचून गड खाली करणे, ऐसे मनी आणून मूग गिळून बसले. मग बाईसाहेबांनी अबोला जारी केला आणि उभयता दोन वाटांनी कामावर गेली.

तो मॅनेजरसाहेबांचे फर्मान आले की, लाइनीवर पीपीपीचा नवा बंदोबस्त आजच बसवावा. म्हणजे दोन्ही राऊटरांनी एकच बोली बोलावी, आणि परवलीचा एकच शब्द दोहींकडे लिहावा, तो जुळला तरच लाइन खुली व्हावी. काम उभयतांनी मसलतीने करावयाचे. परंतु साहेबांनी विचार केला, अबोला चालू असता विचारील कोण, इथूनच दोन्ही टोके सर करू. मग काळ्या पडद्यावर कमांडांची फौज उतरविली, आणि लाइनीवरूनच गोदामाचे राऊटरात शिरून त्यास नवी बोली शिकविली, आणि परवलीचा शब्द मागणारा पहारा बसविला, आणि शब्द कोणता, हे सांगणेच रागाचे भरात राहून गेले. लाइन तत्क्षणी पडली. पहारेकरी शब्द मागे आणि त्याचेच पाशी शब्द नाही, सबब तो कोणासही आत घेईना.

पडद्यावर अक्षरे उमटली की, इंटरफेस अप, प्रोटोकॉल डाउन, म्हणजे तार शाबूत, बोलणे बंद. घरची खबर राऊटरास कोणी दिली, हे साहेबांस कळेना.

तिकडे इस्पितळांची औषधे भरून ट्रक उभे, आणि लाइनीवाचून मालाचे चलन छापेना. मॅनेजरसाहेब जातीने येऊन उभे राहिले आणि घड्याळ पाहू लागले. साहेबांस औषधे अडली हे खरेच लागले होते, त्याहून पहिला फोन आपण करावा हे लागले होते. अखेर गोदामाचे राऊटरास हाताने वायर लावून शब्द लिहिणारे मनुष्य जगात एकच, हे ध्यानी येऊन निमूट फोन लाविला, आणि घडले ते अडखळत निवेदन केले.

बाईसाहेब म्हणाल्या, "लिहिते. पण शब्द मी ठरवणार."

साहेबांनी कबुली दिली. फोनात कळफलकाचा खडखडाट ऐकू आला.

"झाला लिहून. माझंच चुकलं. रोमन अक्षरात, सलग, मध्ये जागा सोडायची नाही."

साहेबांनी मॅनेजरसाहेबांकडे पाठ करून टंकिले, ते 'तुझंच चुकलं'. राऊटराने धुडकाविले.

"माझंच," बाईसाहेब शांतपणे म्हणाल्या. "तो माझ्यासारखा ऐकून घेत नाही."

मग साहेबांनी एकेक अक्षर दाबीत खरा शब्द लिहिला, आणि प्रोटोकॉल उठला, आणि गोदामात चलने छापू लागली, आणि ट्रक हलले. साहेबांस हायसे वाटले, ते केवळ ट्रकांमुळे नव्हे.

येणेप्रमाणे मोहीम फत्ते जाहली, ती मॅनेजरसाहेबांनी नेटवर्कसाहेबांचे नावे नोंदविली असे. मात्र या बंदोबस्ताची रीत ऐसी की, गोदामाचा राऊटर एकदा विचारून थांबत नाही, अधूनमधून परवलीचा शब्द पुन्हा पडताळितो, आणि कचेरीचा राऊटर दर खेपेस बिनतक्रार चूक कबूल करितो. तेव्हापासून लाइन पडली नाही.