आंबेकोंडच्या पऱ्यावरील बंधाऱ्याची मोहीम

श्रीग्रामदेवतेचे चरणी मस्तक ठेवोन, शके एकोणीसशे सात, क्रोधननाम संवत्सरी, मौजे आंबेकोंड, तालुके खेड, जिल्हे रत्नागिरी येथे जो संग्राम जाहला त्याची हकीकत गावकीचा चिटणीस हरिश्चंद्र, जो कुदळ धरण्यास नालायक म्हणोन कलम धरता जाहला, तो यथास्थित निवेदन करितो. यात आपली अब्रू राखावी ऐसा सेवकाचा मनसुबा होता, परंतु साक्षीदार बहुत आहेत.

वर्तमान ऐसे की, दरसाल शिमगा सरला की खालच्या वाडीच्या विहिरी आटत आणि मग बायामाणसे हंडे घेऊन दीड कोस नदीवर जात. सेवकाचे कुटुंब यमुनाबाई यांचे बंधू राजश्री धाकू, मुक्काम मंडणगड, यांचे कन्येचे लग्न येते वैशाखी ठरले. आणि बाईंनी साफ कळविले की, घरी दोन म्हशी आणि एक चिटणीस, तिघांस पाणी कोण पाजणार, सबब आपले जाणे होत नाही. बारा वर्षे त्या वैशाखात माहेरी गेल्या नव्हत्या. हे ऐकोन सेवकास बहुत वाईट वाटले, आणि सेवकाने पिण्यास आणखी एक तांब्या पाणी मागितले.

मग गावकी बसली. वरच्या वाडीचे भागोजीराव आणि खालच्या वाडीचे रावजीराव, ज्यांचा एका फणसाच्या झाडावरोन नऊ वर्षे अबोला, ते एकाच घोंगडीवर बसोन, मध्ये बसल्या सेवकाचे मार्फत बोलोन, मसलत करिते जाहले की, मार्गशीर्षात पऱ्याचे, म्हणजे गावच्या ओढ्याचे, वाहाते पाणी दगडमातीने अडवावे, म्हणजे ते मुरोन विहिरी तगतील आणि वरच्यांच्या गुरांसही पाणी होईल. दगड वरच्यांनी द्यावे, माती खालच्यांनी आणावी आणि घरटी एक माणूस यावे.

मातीची तजवीज सेवकाकडे आली. टेकाडावरील तांबडी माती कठीण, तिजला कुदळ लावावी तर तळहात फुटतात. म्हणोन सेवकाने आपले अकलेने हुकूम दिधला की, शेजारच्या भातशेताच्या बांधाची ओली मऊ माती पाट्या भरभरोन आणावी. ऐसी आणिली, आणि दोन दिवसांत बंधारा उभा राहिला, आणि पाणी कमरेइतके तुंबले, आणि नारळ फुटला, आणि सेवकाने भाषण केले.

तिसरे दिवशी पाहाता पाणी घोट्याशी आले, बंधाऱ्यास जागोजाग भोके. वरचे म्हणो लागले, खालच्यांनी पावट्याच्या मळ्यास पाणी नेण्यास फोडिला. खालचे म्हणो लागले, वरच्यांचे पोटात दुखले. भोके बुजविली, पुन्हा पडली. मग दोहींकडून चौक्या बसल्या, भागोजीराव देवळात शपथ घेण्यास निघाले, रावजीराव काठी शोधू लागले, आणि सेवकाने फितुरांची यादी लिहावयास घेतली.

तितक्यात यमुनाबाई धुणे घेऊन पऱ्यावर आल्या, आणि एका भोकात कोपरापर्यंत हात घालोन एक थोर खेकडा बाहेर ओढोन भर रणांगणी बोलिल्या, "अवो, बांध कोनी फोडलान नाय. कुर्ल्यांची बिळं हायत ती. शेताच्या बांधात कुर्ल्या नसतील तर काय असंल? तुमीच पाट्या भरून आनलात त्यांना, मानानं!"

सर्व फौज भोकांत डोकावती जाहली. गनीम चिटणिसाचे हुकुमानेच किल्ल्यात येऊन बसला होता. मग भागोजीराव रावजीरावांकडे पाहोन हसले, आणि रावजीराव म्हणाले, "भागोजी, ह्याला माती कोनी सांगितलान रे?" नऊ वर्षांत हा पहिला शब्द. सेवकास यादी फाडोन टाकणे प्राप्त जाहले.

मग बंधारा उकलिला, तीन पाट्या खेकडे पाडाव केले, दोन्ही वाड्यांत रस्सा शिजला, आणि टेकाडावर पहिली कुदळ मारण्याचा मान सेवकास बहाल होऊन तळहात फुटले, आणि त्या तांबड्या मातीने बंधारा पुन्हा उभा राहिला. दर सोमवारी दोन्ही वाड्यांतील एकेक माणसाने जोडीने बंधारा तपासावा ऐसा ठराव जाहला, तो अद्याप पाळिला जातो.

पुढील वैशाखी विहिरीत पुरुषभर पाणी असता यमुनाबाई ठेवणीतले लुगडे नेसोन एस.टी.ने मंडणगडाकडे कूच करित्या जाहल्या. येणेप्रमाणे फत्ते जाहली. त्या आठ दिवस लग्नघरी राहिल्या आणि येथे पाणी सेवकाने शेंदिले. विहीर अंगणाशी असताही म्हशींस आणि घरास दिवसास बावीस हंडे लागतात, हे लग्नास एकोणीस वर्षे होऊनही सेवकास ठाऊक नव्हते, ते येथे नोंदविले असे.