थंडीचोराचा माग

भिंगकाकांच्या मते, नजरेतून काहीच सुटत नाही अशी माणसं जगात दोनच. त्यातला दुसरा कोण, हे त्यांनी अजून ठरवलं नव्हतं. एरवी ते रुग्णालयाच्या भांडारात हेडक्लार्क होते. चष्मा लावायला कबूल नाहीत म्हणून भिंग बाळगतात, असं त्यांची बायको म्हणे. पण बायकोची साक्ष ते धरत नसत.

मिश्रणखोलीतल्या औषधताईला हसायची सवड नव्हती. शिरेतून द्यायची औषधं मिसळून ती पिशव्या भरे आणि भांडारातल्या फ्रिजमध्ये दोन ते आठ अंशांत ठेवी. पारा आठच्या वर गेला की पिशवीचा भरवसा संपला. गेल्या सोमवारपासून तो जवळजवळ रोज बारावर जाई आणि ताईची मेहनत कचऱ्यात. मेकॅनिक 'फ्रिज ठणठणीत' सांगून गेला होता. अधीक्षकांनी बजावलं होतं, आज पारा चढला तर मिश्रणखोली बंद. मग बालविभागातल्या पोरीचं चार वाजताचं औषध बाहेरून येणार, दोन दिवसांनी.

साडेदहा वाजले होते. पारा सातवर.

काकांनी आठवड्याचा आलेख भिंगाखाली धरला. "ताई, ही थंडीची चोरी आहे. चोर दहाला येतो, दर दहा मिनिटांनी हात मारतो. एक ते दोन पारा शांत, म्हणजे जेवतो. रविवारी फिरकत नाही."

"म्हणजे नोकरदार आहे."

"आणि कायम. हंगामी माणूस रजेला इतका पक्का नसतो."

आधी त्यांनी क्ष-किरण खोलीवर संशय घेतला, किरण म्हणजे ऊन असतं म्हणून. मग ताईवरच.

"तुझे हात गार का?"

"दिवसभर गार पिशव्या हाताळते, काका."

"कबुली," काकांनी वहीत लिहिलं.

"पाय उचला," फरशी पुसणाऱ्या मावशी म्हणाल्या. "आणि ते दार लावा आधी."

काकांनी फ्रिजचं दार सताड उघडलं होतं.

"तपास चाललाय, मावशी."

"सोमवारपासून बघतेय. दर दहा मिनिटांनी उघडता नि मिनिटभर आत टक लावून उभे. शेत कुणी खाल्लं, ते कुंपणच विचारतंय."

ताईने दार लावलं. पारा साडेसात. "काका, आत बघता तरी काय?"

काकांनी आवाज उतरवला. "ते वेगळं प्रकरण आहे. सोमवारी तू पिशव्यांवर नवं लेबल लावलंस, 'उजेडापासून जपा'. आणि आतला दिवा कधीही बघावा, चालूच. दोनशे वेळा तपासला. एकदाही विझलेला सापडला नाही."

"पिशव्यांवर काळं आवरण आहे, काका. आणि दार लावलं की दिवा विझतो."

"पुरावा?" काकांचा हात पुन्हा दाराकडे गेला.

मावशींनी ओला पोछा आडवा धरला.

चार वाजता पाच अंशांवरची पिशवी पोरीकडे गेली. फ्रिजला कुलूप लागलं, किल्ली मावशींच्या कमरेला. काकांनी अहवाल दिला: 'माझ्या दहशतीने थंडीचोर परागंदा. दिव्याचा तपास मावशींमुळे खोळंबला.'